चिठ्ठीत निघालेली बाजू

१२ ऑक्टोबर

ती. आई,

साष्टांग नमस्कार. सुखरूप पोचले, वेळेवर जेवते आहे, थंडी सोसते आहे. तुमचा मुलगा फोनवर "आई बरी आहे" याच्यापलीकडे काही सांगत नाही आणि तुम्ही फोनवर येत नाही, म्हणून हे पत्र, फोटो काढून त्याच्याच फोनवर पाठवते आहे.

आधी बातमी. आम्ही जिंकलो! पन्नाशीला टेकलेली बाई कायद्याच्या कॉलेजात शिकते आणि वादविवाद स्पर्धेला परदेशात येते, याचं इथे सगळ्यांना नवल. पहिल्या दिवशी दारावरच्या बाईंनी मला पालकांच्या खुर्च्यांकडे नेऊन बसवलं. आमच्या संघातली पोरं हसून बेजार. ती मला काकू म्हणतात, आणि मुद्दा चुकला की मी त्यांना फैलावर घेते.

अंतिम फेरीचा विषय तुम्हाला सांगू की नको, असं कालपासून चाललं होतं. सांगतेच. 'म्हातारपणी आईवडिलांनी मुलांकडेच राहावं.' इथे बाजू आपण निवडायची नसते, चिठ्ठी काढतात. मला वाटलं, हे तर माझ्या हातचं! तुम्ही एकटीसाठी खोली घ्यायचं काढलंत, तेव्हा 'लोक काय म्हणतील'पासून 'पडलात तर'पर्यंत सगळं बोलून झालं होतं. "तुझी ना असेल तर जाणार नाही," तुम्ही म्हणालात, "पण मग तुझ्याशी बोलणारही नाही." आणि शब्द पाळलात. मी निघाले तेव्हासुद्धा.

चिठ्ठी उघडली तर विरोधाची. म्हणजे तुमची बाजू.

तयारीला अर्धा तास, आणि मला एक मुद्दा सुचेना. शेवटी तुमचंच त्या दिवशीचं बोलणं उचललं. "दूध उतू जाईल म्हणून मला गॅसपाशी उभं राहू देत नाहीस. जाऊ दे उतू! माझं दूध, माझा ओटा, पुसेन मी." भाषांतर करूनही धार गेली नाही. हशा पिकला. समोरच्या मुलाच्या तोंडाचा पट्टा एरवी थांबत नाही, पण याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे तरी कुठे होतं? म्हणून तर त्या दिवशी घरी मी आवाज चढवला होता.

नंतर परीक्षक बाईंनी विचारलं, हा मुद्दा कुणाचा? मी ताठ मानेने सांगितलं, "माझ्या सासूबाईंचा." त्या म्हणाल्या, "मग त्यांनाच आणायचं होतं." आई, इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या बोलण्याचा कधी वाटला नाही.

मन अजून मानत नाही. तुम्ही नसलात की घर खायला उठणार मला. पण त्याला मुद्दा म्हणत नाहीत. खोली घ्या. माझा होकार आहे.

फक्त रविवारी मी येईपर्यंत थांबा. सामान आपण दोघी हलवू. आणि मी दारात पाऊल टाकलं की माझ्याशी काहीतरी बोला. भांडलात तरी चालेल.

तुमच्या बाजूने उभी,
तुमची सून