चौथ्या पिस्टनचा मान

सातारा,
रविवार, ता. १२ मार्च १९६७

आज सकाळी गाडी एका दमात सुरू झाली. आई, जालिंदरची अंजना आणि त्याचे ते तिघे मित्र तीत बसून अंजनाच्या माहेरी, माणात दहिवडीला गेले. मला जागा उरली नाही. मी अंगण झाडले, सांडलेल्या तेलावर राख टाकली, आंघोळ केली आणि लिहायला बसलो.

तीर्थरूप तात्याबामामा व सुलामामी यांस साताऱ्याहून राजारामचा नमस्कार. मामांच्या एका पायाला प्लास्टर असल्यामुळे दुसऱ्या पायावर डोके ठेवले आहे असे समजावे. मिरजेचे डॉक्टर प्लास्टर केव्हा काढणार म्हणतात ते कळवावे आणि काढेपर्यंत कारखान्यात जाऊन लेथसमोर उभे राहू नये. (मामी हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवतील.) आईची तब्येत ठीक आहे. जेवते, पण भाकरी मोडताना मध्येच थांबते. अंजना काम करते. मी कचेरीत जातो. पाटबंधारे खात्यात कोणाचे कोणी गेले तरी फायली येतातच, आणि त्याचे मला बरेच वाटते.

जालिंदर गेला तेव्हा तुमचा पाय मोडलेला असल्यामुळे तुम्हांला येता आले नाही. धाकट्या भाच्याच्या माघारी घरात काय चालले आहे हे तुम्हांला कोणीतरी सांगायला हवे, आणि घरात लिहिणारा मीच उरलो आहे. मला थोडक्यात सांगता येत नाही. तोंडाने मी बोलतच नाही, त्यामुळे साठलेले सगळे पत्रात येते. कंटाळा आला तर मधला भाग सोडून शेवटी यावे. शेवटी काम आहे.

जालिंदरची ती डुक्कर फियाट तुम्हांला माहीत आहे. तिचा क्रँक तुमच्याच कारखान्यात घासून गेला आणि ब्लॉकची चार भोकेही तुम्हीच कापून, बोअर करून दिलीत. भंगारातून आणलेल्या त्या गाडीने वाईहून पाचगणीपर्यंत पसरणीचा अख्खा घाट तिसऱ्या गिअरात चढायचा, वाटेत एस.टी.ला मागे टाकायचे आणि वर जाऊन पाणी घालायला बॉनेटसुद्धा उघडायचे नाही, असे त्याने स्टँडवर सर्वांसमक्ष सांगून ठेवले होते. मग मार्गशीर्षात कावीळ झाली. तो गेला तेव्हा इंजिन अंगणातल्या लिंबाला साखळीने टांगलेले होते, आतून रिकामे.

समाचाराला येणारी माणसे कशी असतात तुम्ही जाणता. येतात, खाली बघत बसतात आणि 'येतो' न म्हणता उठून जातात. आमच्याकडे मात्र खाली बघणाऱ्यांची नजर हळूहळू लिंबाकडे जाऊ लागली. पहिले दोन दिवस सगळे दबून होते. तिसऱ्या दिवशी धोंडिरामने (हा पाचगणीच्या रस्त्याला टॅक्सी चालवतो) डोळे पुसत पुसत विचारले, "आण्णा, क्याम कुठला घालनार हुता त्यो?" मला कॅम म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. (इंजिनाच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडणारा दांडा, हे मागाहून कळले.) पण प्रश्न बाहेर पडला आणि तिथून पुढे आमच्या घरी दुखवटा आहे की मोटारीचा कारखाना, हे येणाऱ्याला दारातून कळेनासे झाले. पलटणीतून पेन्शनीत आलेला कोंडीबा म्हणाला, कॅम उंच घासलेला हवा आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक, म्हणजे इंजिन वरच्या सुरात गाते. त्यावर धोंडिराम म्हणाला, "आरं गड्या, वरातीत पयल्या गिअरात म्हातारीच्या चालीनं गाडी चालवायची आसती. तवा तुजा क्याम काय नाचंल व्हय?" कोंडीबा म्हणाला, "जालिंदरनं वरातीसाठी गाडी बांधली न्हवती." हे खरे होते, म्हणून सगळे पुन्हा रडले. मी चहाचे कप गोळा केले.

तेराव्याला दुखवट्याचा आहेर आला. नातेवाइकांकडून टोप्या आणि टॉवेल येतात तसे आले, शिवाय जालिंदरचे हे तिघे मित्र आले ते एकेक पिस्टन घेऊन. (पिस्टन म्हणजे काय ते तुम्हांला सांगायला नको, पण मी ते नवीनच शिकलो आहे. इंजिनात चार दट्टे वरखाली होतात आणि सगळी गाडी त्यांच्यावर चालते.) धोंडिरामचा पिस्टन सपाट डोक्याचा, साधा. एस.टी. डेपोत फिटर असलेल्या नानासोचा अंगाने जाड, म्हणजे तुम्ही कापलेल्या मापात न बसणारा. कोंडीबाचा लष्करी लिलावातला, डोक्यावर टेंगूळ आलेला. त्या टेंगळामुळे आत दाब वाढतो आणि गाडी उसळते म्हणतात. तिघांनी एकमेकांना काही विचारले नव्हते. तिघांनाही वाटले होते की असे फक्त आपल्यालाच सुचले.

मी हळूच म्हणालो की माप जमणार नाही, परत न्या. आई आतून म्हणाली, "दुखवटा माघारी जात न्हाई." मग तिने तिन्ही पिस्टन टोप्यांच्या पाटीत ठेवले आणि विचारले, किती लागतात? चार, असे उत्तर मिळाले. "चौथा मामाचा," आई म्हणाली. "मान त्याचा हाय. राजाराम, तात्याबाला कळीव." तिघांनी माना डोलावल्या. नानासोचा जाड पिस्टन बसावा म्हणून एक भोक त्याच्यापुरते मोठे कापून घेऊ, असाही ठराव झाला.

मी तुम्हांला कळवले नाही. आधी कोणाला तरी विचारावे म्हणून तिन्ही पिस्टन पिशवीत घालून मी सांगलीला आलो. (मामींनी चहा दिला. तुम्ही मिरजेला होता. मी 'सामान न्यायला आलो' एवढेच म्हणालो, हे मामी सांगतील.) मोटारीच्या सामानाच्या दुकानदाराने ते तिन्ही तराजूत एकेक करून टाकले, मग आतून भावाला बोलावून पुन्हा टाकले. "साहेब," तो म्हणाला, "हे तीन गावचे पाहुणे आहेत. एका पंक्तीला बसतील, पण एका तालात जेवणार नाहीत. चार एका वजनाचे लागतात, नाहीतर इंजिन स्वतःलाच फोडून घेतं." टेंगळाचे चार घेतले तर गाडी घाट पळत चढेल, पण आपल्या हलक्या पेट्रोलवर आत ठोके देईल आणि वर्षाच्या आत पुन्हा उघडावी लागेल. सपाट चार घेतले तर कुरकुरत चढेल, पण चढत राहील. "तुम्हाला पळवायची आहे का चालवायची?" मी म्हणालो, विचारून सांगतो. तो म्हणाला, कोणाला? मी पिस्टन पिशवीत भरू लागलो. त्याने पाणी दिले. मी पिशवी उचलून स्टँडवर आलो.

गाडीवर अंजनाचे पोट आहे, हे मी वेगळे लिहायला नको. टॅक्सी म्हणून ती चालली तर अंजना या घरात राहील. नाही तर तिचा भाऊ माणात न्यायला बसलाच आहे, आणि तिथे यंदा मेंढरांनाच प्यायला पाणी नाही. पण कॅम, स्प्रिंगा आणि पिस्टन यांवर महिनाभर जी बैठक बसली, तिच्यात अंजनाला कोणी काही विचारले नव्हते. मीही नाही. मी तिचा भासरा, थोरला दीर, त्यामुळे ती माझ्याशी थेट बोलत नाही. दाराआड उभी राहून 'आत्या' म्हणून आईला सांगते आणि मी ऐकतो. सांगलीहून परतलो त्या संध्याकाळी आई देवळात गेली होती. मी जात्याकडे तोंड करून विचारले की गाडी पळणारी करावी की चालणारी. दाराआडून ती तिथे नसलेल्या आईला म्हणाली, "आत्या, म्हणावं, चालणारी करा. बंद पडली तर समदी माणसं पुन्ना समाचाराला येतील. माज्यानं आता च्या व्हायचा न्हाई."

जालिंदरला हे आवडले नसते. पण ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

दुसऱ्या रविवारी पुन्हा सांगलीला येऊन मी सपाट डोक्याचे एका वजनाचे चार पिस्टन, बेताच्या स्प्रिंगा आणि मूळ घडणीचा कॅम असे घेऊन गेलो. तिघे आपापल्या कामात असताना कोरेगावचा ज्ञानू मिस्त्री बोलावला आणि दिवेलागणीच्या आत इंजिन जोडून वरचे झाकण बसवून घेतले. इंजिनाचे एक चांगले आहे. वरून झाकण बसले की आत कोण आहे ते दिसत नाही. तिघे आले, रागावले, आमाला न बलावता कसं काय वो आण्णा, असे म्हणाले. मग आपला पिस्टन कितव्या भोकात बसला ते विचारू लागले. मी धोंडिरामला पहिले सांगितले, नानासोला दुसरे, कोंडीबाला तिसरे. एवढे खोटे मी नोकरीतसुद्धा एका दिवसात बोललेलो नाही.

तेव्हापासून तिघेही बॉनेटला कान लावून असतात आणि प्रत्येकाला आपला ओळखू येतो. नानासो म्हणतो, "ह्यो खालचा आवाज हाय न्हवं, त्यो माजा." कोंडीबा म्हणतो, गाडी उसळते ती तिसऱ्यामुळे. धोंडिराम म्हणतो, बाकीचे दोन जे काही करतात ते त्याचा पहिला सावरून घेतो. गेल्या आठवड्यात आम्ही पसरणीच्या घाटात गेलो. मी मागे बसलो होतो. अर्ध्या घाटात, मोठ्या वळणावर, गाडीचा दम कोंडला आणि धोंडिरामने दुसरा गिअर टाकला. मी स्पष्ट पाहिले. त्याच क्षणी नानासोने खाली धोम गावाकडे बोट दाखवून शेतात काय पेरले आहे ते विचारले आणि कोंडीबा मोठ्याने खोकू लागला. पुढे अजून दोनदा तसेच झाले. वर पाचगणीला पोहोचल्यावर धोंडिराम खाली उतरला, टपावर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "आख्खा तिसऱ्यात." नानासोने आणि कोंडीबाने माना डोलावल्या. मीही म्हणालो, हो, तिसऱ्यात. परतताना एस.टी.ने आम्हांला उतारावर मागे टाकले, त्याचीही चर्चा झाली नाही.

मी फार थकलो आहे, मामा. कामाने नाही. एवढ्या माणसांना बरे वाटावे म्हणून जे करावे लागते त्याने थकलो आहे. जालिंदर असता तर त्याने एकाच शिवीत सगळे मिटवले असते.

मामींना नमस्कार. पायाला जपावे.

आपला भाचा,
राजाराम

ता. क. — काम हे आहे. बुधवारी ही सगळी मंडळी दहिवडीहून त्याच गाडीने तुमच्याकडे सांगलीला येत आहेत. आईने मला विचारले होते की मामाचा चौथा आला का, तेव्हा मी हो म्हणून मान हलवली. ती आल्याबरोबर तुमचे आभार मानील. ते घ्यावेत. तुमचा मान डावलला याचा राग माझ्यावर काढावा, पण मी येईन तेव्हा. तिच्यासमोर नको.

आणखी एक. तिघांपैकी कोणी चौथ्या पिस्टनचे वजन विचारले तर सांगू नये. प्लास्टर दुखते म्हणावे.

आणखी — वरचे लिहून पाकिटात घालणार होतो. मी त्यांचे तिन्ही पिस्टन बाजरीच्या डब्यात तळाशी पुरून ठेवले होते. पाकिटाला खळ करायला पीठ हवे होते म्हणून मघाशी शेजारचा डबा काढला, आणि सहज बाजरीतही हात घातला. पिस्टन तिथेच आहेत, पण आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत वेगवेगळे बांधलेले. गाठी तिच्याच आहेत. म्हणजे बुधवारी ती तुमच्यापुढे उभी राहून आभार मानील तेव्हा आत या तिघांचे पिस्टन नाहीत, तसा तुमचाही नाही, हे तिला ठाऊक असेल. तरी घ्यावेत.

पाकीट चिकटवले की स्टोव्हला पिन मारून स्वतःपुरता भात टाकतो.