पुट्टी, बाहेरची

४ जानेवारी, रविवार. संध्याकाळ.
आज फाट्याजवळ उसाच्या ट्रॉलीने आपल्या ओमनीला धडक दिली. ट्रॉली उभी होती हे खरं. पण ती काय उभं राहायची जागा आहे? मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसता ऊस. मी मोबाईल बघत नव्हतो. रील संपतच आली होती.

नुकसान किरकोळ. डावा कोपरा आत गेला, हेडलाईट फुटला, डावीकडचं पुढचं दार गच्च बसलं. मागचं सरकतं दार झटका दिला की उघडतं. उजवीकडचं सरकतं दार ताईच्या लग्नात वऱ्हाडाने ओढलं तेव्हापासून बंदच आहे, ते माझ्या नावावर धरू नये. इन्शुरन्स थर्ड पार्टी, म्हणजे ट्रॉलीला मिळेल, आपल्याला नाही. अजब कायदा.

अण्णा गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, पंचवीसला धनूला आणायचीय राजूरवरनं. सातवा सरत आला. आठव्यात पोरीला हलवत न्हाईत. भाड्याची जीप सांगू का? मी म्हणालो, घरची गाडी असताना जीप? मी करतो रिपेअर. स्वस्तात. आई म्हणाली, कान्या, तिचं पहिलं बाळंतपण हाय, तुजी प्रयोगशाळा न्हाई.

निश्चय: चार दिवसांत गाडी नवी.

५ जानेवारी.
कोपरगावला गहिनीनाथ डेंटरकडे. मला बघून म्हणाला, या, ट्रॉलीवाले. बातम्या कोण पसरवतं कळत नाही. त्याने आकडा सांगितला. मी म्हणालो, एवढ्यात तर गाडी येते. तो म्हणाला, मग तीच घे की.

तरी गोड बोलून कृती काढून घेतली. आधी पोचा ओढायचा, मग ठोकायचा, मग पुट्टी, मग रंग. यात चार दिवस गाडी ठेवून घेण्यासारखं काय आहे? पुट्टीचं तो पुढे काहीतरी सांगत होता, पण समोरून ओळखीचा टेम्पो नगरला निघाला होता. बसलो. नगरला भंगारात हेडलाईट स्वस्त.

८ जानेवारी.
आज परतलो. उशीर माझ्यामुळे नाही. वाटेत राहुरीकडे एका शेतात ड्रोनने फवारणी चालली होती. टेम्पोतून उतरलो तो उतरलोच. बॅटऱ्या उचलू लागलो, त्यांच्याच पंगतीला जेवलो. ड्रोन पायलट हेच माझं खरं क्षेत्र आहे असं आता वाटतं. गाडीचं झालं की लगेच कोर्स.

हेडलाईट आणला. उजवा निघाला. दुकानदाराने डावा का उजवा विचारलं तेव्हा मी गाडीकडे तोंड करून उभा आहे असं समजून सांगितलं. तारेने बांधला. उजेड बाभळीच्या शेंड्यावर पडतो. रस्ता तसाही माहितीचा आहे.

११ जानेवारी.
पोचा ओढण्याचा दिवस. साखळीचं एक टोक कोपऱ्याला, दुसरं बाभळीला. रिव्हर्स टाकला. बंपर सुटून आला. बाभळीला काही झालं नाही. पोचाही थोडा बाहेर आला, फक्त दुसरीकडून. अण्णा ओट्यावरून म्हणाले, त्यापरीस गाडी बाभळीलाच बांधून ठेव, चारा तरी घालता येईल.

अण्णांना तांत्रिक बाबी कळत नाहीत.

१४ जानेवारी, संक्रांत.
आईने तीळगूळ दिला. म्हणाली, गोड बोलू नको, गाडी कर.

दुपारी धनूताईचा फोन. हळू बोलत होती, सासू जवळपास असणार. म्हणाली, कान्या, पंचवीसला नक्की ना? माझ्या जावेच्या वेळी तिच्या माहेरची बोलेरो आल्ती, अजून सांगत्यात. मला बोलेरो नको. पण येशील ना? आठवा लागला की ह्या सोडायच्या न्हाईत, आन् मग नववा लागेपर्यंत मी हितंच. मी म्हणालो, ताई, गाडी अशी आणतो की गल्ली बघत राहील.

फोन ठेवल्यावर जरा कसंतरी झालं. मग पतंग उडवायला गेलो. वारा चांगला होता.

१७ जानेवारी.
पुट्टीसाठी पुणतांब्याच्या हार्डवेअरमध्ये. मालक माझ्यासारखाच घाईत. मी म्हणालो, पुट्टी द्या, चांगली. तो म्हणाला, आतली का बाहेरची? मी म्हणालो, बाहेरची. पोचा बाहेरूनच आहे. किती जागेला लावायची म्हणाला. हात पसरून दाखवलं. हसला, म्हणाला, एवढ्याला अख्खी गोणी नको, पण सुटी देत न्हाई. गोणी घेतली. गहिनीनाथाच्या हिशोबाने फुकटच.

पिशवीवर घराचं चित्र आहे. फॅमिली व्हॅनसाठी योग्य.

१९ जानेवारी.
दोन हात लावले. मऊ, लोण्यासारखी. गहिनीनाथ यासाठी पैसे घेतो!

२१ जानेवारी.
पांढरा रंग मारला. लांबून शोरूम. अण्णांनी बोटाने टकटक करून बघितलं, कान लावला. म्हणाले, भिंत वाजल्यागत वाजतंय की रं. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या कामाचं कौतुक केलं.

एक छोटी गोष्ट. रंग फटीत गेल्यामुळे मागचं सरकतं दार आता झटक्यालाही उघडत नाही. थंडी आहे, वारा लागणार नाही. राजूरला पोचल्यावर जोरात झटका देऊ.

२३ जानेवारी.
अण्णांनी परत जीपचं काढलं. मी रागावलो. जेवलो नाही. नंतर जेवलो.

२५ जानेवारी, रविवार.
अण्णा माझ्या दारातून आत चढले, गिअर ओलांडून पलीकडे बसले. बसताना काहीतरी बोलले, ते लिहीत नाही.

संगमनेर सोडलं आणि डावीकडून टपटप आवाज. अण्णा म्हणाले, काय पडतंय? मी म्हणालो, खडी उडतीय. अकोल्याच्या पुढे वळणं लागली तशी खडी जास्त उडायला लागली. राजूरला ताईच्या दारात ब्रेक मारला आणि सगळा डावा कोपरा एकदम खाली आला. ढिगारा झाला. शेजारची एक म्हातारी म्हणाली, अगं बया, गाडीचा गिलावा पडला.

गल्ली बघत राहिली, हे मात्र मी म्हणालो होतो तसंच झालं.

ताई नवी साडी नेसून, पिशवी घेऊन उंबऱ्यात तयार. मी दाराला झटका दिला. अण्णांनी दिला. दाजींनी दिला. हँडल दाजींच्या हातात आलं. आत जायला वाट एकच, माझ्या दारातून, स्टेअरिंगच्या खालून, गिअरवरून. ताईने पोटावर हात ठेवून एकदा माझ्या दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. तिच्या सासूबाई, बनुबाई, म्हणाल्या, गाडी झ्याक हाय इवाई, आत जायाला वाट तेवढी न्हाई. ऱ्हाऊ द्या तिला. नवव्यात या. तवर दार तरी बशीवताल.

अण्णा खाली बघत उभे. मी हेडलाईटची तार नीट करत होतो.

ताईने पिशवी अण्णांच्या हातात दिली, सासूच्या पाया पडली, आणि म्हणाली, आत्याबाई, माहेर आलंय ना दारात? मग मी निघाले. एस्टी हाय की, मला अर्धं तिकीट हाय. आणि स्टँडकडे चालायला लागली. सावकाश, पण मान वर. अण्णा मागोमाग.

मी एस्टीच्या मागे गाडी आणली. एस्टीच्या मागच्या काचेत ताई बसलेली दिसत होती. एकदा वळून बघितलं तिने. हसली का रडत होती, उन्हामुळे कळलं नाही. मग संगमनेरच्या अलीकडे बैलगाडा शर्यतीचा बोर्ड दिसला आणि एस्टी पुढे निघून गेली.

२६ जानेवारी.
ताई अंगणात उन्हाला बसली आहे. आई तिच्या केसांना तेल लावते आहे. माझ्याशी कोणी बोलत नाही. ताई तेवढी म्हणाली, कान्या, बाळाला दवाखान्यातनं आणताना मात्र जीप सांग हं.

२७ जानेवारी.
अण्णांनी गहिनीनाथाला बोलावलं. त्याने गाडीला उरलेला एक पापुद्रा नखाने काढला, जिभेला लावला, थुंकला आणि जमिनीवर बसून हसत राहिला. मग म्हणाला, आरं, मी सांगत हुतो तवर तू टेम्पोत! ही भिंतीची हाय. बाहेरच्या भिंतीची. गाडी घेऊन गेला. चार दिवस म्हणाला.

उरलेली अर्धी गोणी अण्णांनी आज गोठ्याच्या भिंतीला लावली. सारखी, गुळगुळीत. संध्याकाळी म्हैस तिला अंग घासून गेली, तरी कण पडला नाही.

म्हणजे माल चांगलाच होता. मी पहिल्यापासून तेच सांगतोय.