रंग बरोबर हाय

अप्पा, जय जिनेंद्र. जर्मनीतनंच तुमच्या पाया पडते.

मी बरी हाय. इथल्या चांदीच्या कारखान्यात शिकते ते रोज माझ्या ब्लॉगवर लिहिते. पैंजणाच्या जोडाला डाख लावताना व्हिडिओ कॉलवर तुम्हाला तापलेली चांदी दाखवायची, तुम्ही "रंग बरोबर हाय" म्हणायचा, मग तसंच लिहायची. आता हुपरीतली नवी पोरंसुद्धा ते वाचून काम करत्यात.

काल पारसदादा बोलला. वर्ष झालं, तुम्हाला धड दिसत न्हाय. मग ह्या वर्षात मी काय शिकले, अप्पा? ब्लॉगवरचं कुठलं कुठलं पुसू?

रजा मार्चशिवाय न्हाय. मिरजेला डोळे दाखवून या. आईचा गुडघा कसा हाय?

हे पत्र दादाच वाचून दाखवील. रविवारी फोन धरते. दिसलं न्हाय तरी "बरोबर हाय" म्हणा.

तुमची,
ऐश्वर्या