नाकोबाची वही

सोमवार, ४ तारीख
नशीब फळफळलं! नुसतं बसायचं काम, वर खोली आणि दोन वेळचं जेवण. मागच्या महिन्यात बोटीवर दोर ओढत होतो. तिथं एक मांजर होतं, एकडोळं, कप्तानाच्या टोपीत झोपायचं... ते राहू दे. घरमालकीणबाईंनी मावशीच म्हण असं सांगितलं. त्यांनी स्वयंपाकघर नवं केलंय. शेगडी खिडकीपाशी हवी म्हणून गॅसचा पाइप भिंतीतून फिरवला, वर पांढऱ्या टाइल्स. आत एक सांधा आहे, तो गळतोय असा फिटरला संशय. उघडा असता तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघितले असते, म्हणाला. पण टाइल्स फोडायच्या म्हटलं की मावशींच्या डोळ्यांत पाणी येतं. म्हणून माझं नाक! सगळं बंद करून दिवसभर आत बसायचं, वास आला का ते या वहीत लिहायचं. आज आला. कुजक्या कोबीसारखा. मावशींचं तोंड एवढंसं झालं.

मंगळवार, ५
वास आहे, पण कालच्याइतका नाही. मावशी खूश. मला नाकोबा म्हणतात. जेवताना दोनदा वाढलं. खिडकीची काच पक्की बसवलेली, तरी फटींना चिकटपट्टी लावायला सांगितली. समोर एकजण शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवत होता, शेवटच्या अक्षराकडून सुरुवात! त्याच्याकडे बघताना पट्टी केसांनाच चिकटली. डोकं जड आहे.

बुधवार, ६
वास नाही. मावशींनी पाठ थोपटली, या नोंदीखाली माझी सही घेतली. जिन्यात फिटर हळूच म्हणाला, तोच तोच वास घेऊन नाक मरतं, बाबा. मग मावशींना सांगा की, म्हटलं. तो म्हणाला, पहिल्याच दिवशी सांगितलंय. आणि हसला.
उद्या सकाळी इथून सटकायचं.

गुरुवार, ७. सकाळ
निघायला माझी पिशवी मागितली. ती मावशींच्या कपाटात. म्हणाल्या, एवढा आजचा दिवस बस, मग नवी शेगडी तूच पेटव, तो मान तुझा. गॅसचा बाहेरचा कॉक आज पूर्ण उघडलाय म्हणे. आणि बाहेरून कडी घातली.
लसूण ठेचून नाकाशी धरला. काही नाही. साबण – नाही. माझा मोजा – तोही नाही, आणि तो मोजा म्हणजे –

दुपार
बसल्या जागी डोळा लागला होता. पाय गळालेत. दार बडवलं. मावशी बाहेरून म्हणाल्या, हळू रे, रंग ओला आहे. कॉक बंद करा म्हटलं तर म्हणाल्या, वास नाही असं तूच लिहून दिलंस ना?
काच फोडायला उठलो – पडलो –
आवाज फुटत नाही. चिठ्ठी लिहून दाराखालून सारली. दार उघडा, बटण कुठलंच दाबू नका, ठिणगी पडेल.
उचलली त्यांनी. कागद वाजला.
म्हणतात, काय गिचमिड अक्षर रे तुझं, या बोळात काही दिसत नाही, थांब, दिवा –
दुसरी लिहितोय. मावशी, दिवा लावू नका. वास नाही, वास नाही, शंभरदा सही करतो, फक्त दिवा ल