तीन जागांची मोजणी

२ फेब्रुवारी, सकाळ

...पडदे बादलीत भिजत होते, गॅसवर दूध होतं आणि मी मोरीशी बसून यांच्या शर्टाची कॉलर ब्रशने घासत होते. हे चपला घालत म्हणाले, "चल ना तूही. तासाभराचा तर प्रश्न." मी म्हटलं, पडदे कोण पिळणार? हे गेले. दूध उतू गेलं. शेगडी पुसण्यात सगळी सकाळ गेली.

आज तो जुना रविवार आठवायला कारण घडलं. चष्मेवाले आपला होम थिएटरचा रिसीव्हर विकताहेत, स्पीकरसकट. दुकानाच्या काचेवर चिठ्ठीच लावली आहे. चष्मेवाले म्हणजे यांचे जिवलग मित्र. खाली चष्म्याचं दुकान, वर घर. दर रविवारी हे तिथे गाणी ऐकायला जायचे आणि गुणगुणत परत यायचे. माझ्याकडे यायचं ते नुसतं गुणगुणणं. यांना जाऊन आता दोन वर्षं होतील.

रिसीव्हर मी घेणार. हेवाबिवा काही नाही. मला मुळातच संगीताची आवड आहे.

३ फेब्रुवारी

मुलीला फोनवर सांगितलं. म्हणाली, "आई, तू तर टीव्हीसुद्धा आवाज बंद करून बघतेस." मी म्हटलं, चांगल्या आवाजाची सोय नव्हती म्हणून.

संकल्प: रोज सकाळी एक तास गाणी. कामं नंतर.

७ फेब्रुवारी, दुपार

जाऊन आले. इतक्या वर्षांत त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. बोलावणी असायची, सवड नसायची.

पाच स्पीकर, एक काळा पेटारा आणि समोर खुर्च्या. तीन. दोन खुर्च्यांच्या गाद्या बसून बसून पार चपट्या झालेल्या. तिसरी वेताची, तिची गादी अगदी टुमटुमीत.

चष्मेवाल्यांची बहीण त्यांच्याकडेच राहते. लग्न केलं नाही. काडीसारखी आहे, त्यामुळे गादी कशी दबेल? कॉफी फार छान करते असं हे घरी येऊन सांगायचे, मी न विचारता. आज प्यायले. पाणचट आहे.

चष्मेवाल्यांनी सगळं समजावलं. खुर्चीवर एक छोटा माइक ठेवायचा. स्पीकर टुंई टुंई करतात, यंत्र अंतर मोजतं आणि त्या जागेवर बसणाऱ्यासाठी आवाज जुळवतं. तीन खुर्च्या असतील तर तिन्ही मोजून सगळ्यांचं भागेल असं काहीतरी मधलं काढतं. म्हणाले, "वहिनी, तुमच्या घरी नव्याने मोजावं लागेल. पण जुनी मोजणी पुसू नका. दोन मोजण्या राहतात ह्यात. ही तीन जागांची त्याने स्वतः बसून केलेली आहे."

विकता का, विचारलं. म्हणाले, एकट्याला ऐकवत नाही.

एकट्याला? आत कपबश्या वाजत होत्या.

तिसरी जागा कोणाची ते मी विचारलं नाही. मला काय करायचंय? सांगितले तेवढे पैसे दिले. घासाघीस केली असती तर त्यांचे उपकार झाले असते.

९ फेब्रुवारी

मॅन्युअल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. अडलेल्या शब्दांना डिक्शनरी घेतली. वाचनालयातल्या कादंबऱ्यांपेक्षा बरं आहे, कोणी मरत नाही. एक सूचना ठळक छापली आहे: मोजणी चालू असताना खोलीत कोणी बोलू नये, हलू नये, शक्यतो बाहेर जावं.

वाचता वाचता सहज मनात आलं. मधल्या खुर्चीत हे, डावीकडे चष्मेवाले, उजवीकडे ती. हातात कप. सहजच आलं. नंतर पितळेची सगळी भांडी घासायला काढली.

१२ फेब्रुवारी

रेडिओ दुरुस्तीवाला येऊन वायरी जोडून गेला. तो निघताना मी म्हटलं, आतलं जुनं सगळं पुसा. तो म्हणाला, "राहू द्या की मावशी, ते काही जागा खात नाही." मी म्हटलं, मला खातं.

मग त्याने विचारलं, मोजायचा माइक कुठे आहे? असेल खोक्यात, मी म्हटलं. नव्हता. चष्मेवाले द्यायला विसरले असणार. तो म्हणाला, माइक मिळेपर्यंत थांबा. मी कशाला थांबू? समोरची दोन बटणं एकदम दाबून धरायला लावली. रिसीव्हरच्या छोट्या पडद्यावर आकडे लुकलुकले आणि गेले.

फार हलकं वाटलं. जेवण मात्र गेलं नाही. ऊन जास्त आहे.

१३ फेब्रुवारी

पहिलं गाणं लावलं. गाणारी बाई कपाटामागून गाते. व्हायोलिन बाथरूममध्ये. काळा पेटारा मधूनच असा हुंकारतो की ताटाळ्यातली ताटं उत्तर देतात. सवय होईल.

१७ फेब्रुवारी

चार दिवस लावलं नाही. एकदा कपडे होते, एकदा पाणी उशिरा आलं, एकदा शेजारीण बसली होती. उरलेल्या दिवसाचं कारण आठवत नाही, पण होतं. धूळ बसू नये म्हणून रिसीव्हरवर टॉवेल घातला आहे. इस्त्रीचे कपडे ठेवायला उंची बरोबर आहे.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ

चष्मेवाल्यांची बहीण आली होती. राहिलेला माइक घेऊन. जिना चढून दमली होती. मी कॉफी केली, मुद्दाम घट्ट. ती म्हणाली छान आहे. मग मी सहज म्हणून विचारलं, आता गाण्यांशिवाय तुम्हाला करमत नसेल?

"मला?" ती हसली. "डोकं उठायचं माझं. कॉफी ठेवायची आणि दार लोटून घ्यायची."

मग तिसरी खुर्ची?

"ती तुमची."

ती सांगत राहिली. भाऊ चिडायचा म्हणे. रिकाम्या खुर्चीपायी आपल्या दोघांचा आवाज का बिघडवायचा? हे ऐकायचे नाहीत. म्हणायचे, पडदे नसतील त्या रविवारी येईल ती. वेताच्या खुर्चीवर माइक किती उंच ठेवायचा तेही यांनीच हाताने दाखवलं होतं, तिचा कान इथे येतो म्हणून.

जाताना तिने विचारलं, "ती मोजणी लावून ऐकलीत ना, वहिनी?"

मी म्हटलं, हो. रोज ऐकते.

ती गेल्यावर रिसीव्हरवरचे कपडे काढले आणि कपाटात ठेवले. इस्त्रीचे होते तरी पुन्हा घड्या घातल्या.

२३ फेब्रुवारी

काल रविवार होता. पडदे भिजवले नाहीत. भांडी तशीच ठेवली. यांची खुर्ची मध्ये ओढली, डावीकडे जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची आणि उजवीकडे माझं स्वयंपाकघरातलं स्टूल. माइक आधी यांच्या खुर्चीवर ठेवला, मग डावीकडे. स्टुलावर ठेवताना उंची कळेना. आरसा आणून समोर ठेवला, त्यात बघून कान कुठवर येतो ते पाहिलं आणि तेवढी पुस्तकं रचली. वर माइक ठेवला. बटण दाबलं. बाहेर जाऊन दार लोटलं आणि आवाज थांबेपर्यंत जिन्यावर बसून राहिले.