फिटच्या गोळ्या माझ्याच नावावर राहू द्या

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
ग्रामीण रुग्णालय, उंबरतळी,
जि. जालना.

विषय : संगणकात माझ्या नावावर निघालेले पाच आजार व एक गरोदरपण, त्यामुळे बंद झालेल्या फिटच्या गोळ्या आणि आपण मागितलेल्या नावांपैकी एक नाव न देण्याबाबत.

संदर्भ : आपली दि. ४ जुलै २००५ ची नोटीस, जी आपल्या शिपायाने माझ्या हाती न देता गोठ्याच्या दाराला अडकवली.

महोदय,

मी खाली सही करणारी नंदाबाई काकासाहेब उढाण, वय ५१, विधवा, राहणार उढाण वस्ती. मी पाच वर्षे गावची सरपंच होते. सुरुवातीला कारभार दिरांनी केला आणि मी नुसत्या सह्या केल्या. पुढे वाचल्याशिवाय सही करायची नाही असे ठरवले आणि तेव्हापासून सरकारी कागदाची भीती गेली. आपली नोटीस मी नीट वाचली आहे. तिच्यातील तीन मुद्द्यांपैकी दोहोंची उत्तरे देते. तिसऱ्याचे पूर्ण देणार नाही.

मुद्दा क्र. १ : मी एकाच नावावर अनेक आजारांची औषधे उचलली, हे खरे काय?

होय, खरे आहे. आमची वस्ती फाट्यापासून आत आहे आणि तिथून जीप मिळाली तर मिळाली. मी दर गुरुवारी भाजी घेऊन उंबरतळीच्या बाजाराला येते. ज्याच्या घरी गोळ्या संपल्या तो रिकामे पाकीट माझ्या पिशवीत टाकतो. प्रत्येकाला आपल्याच दवाखान्यातील डॉक्टरांनी एकदा तपासले आहे आणि औषध ठरवून दिले आहे. पुढच्या गोळ्या मी आणते. खिडकीवर जो उभा त्याच्या नावाने कागद निघायचा, आणि उभी मी असायचे. कंपाउंडर अप्पाराव यांना हे सगळे ठाऊक होते. ते प्रत्येक घराची पुडी वेगळी बांधून देत आणि कोणती कधी घ्यायची ते दोनदा वदवून घेत. ते निवृत्त झाले आणि यंदा संगणक आला.

संगणकात जुने कागद भरताना ते सगळे आजार एकट्या माझ्यात भरले गेले. आपले यंत्र हुशार आहे हे मी मान्य करते. ते नुसते लिहून ठेवत नाही, कोणती गोळी कोणत्या आजारात चालत नाही हे स्वतः ताडून बघते. त्याच्या हिशेबाने मला बीपी आहे, शुगर आहे, दमा आहे, फिट येतात, आणि म्हाताऱ्या पुरुषांची लघवी अडते तो विकारही आहे. शिवाय मी गरोदर आहे. आमच्या वस्तीवरच्या केशरबाईंच्या सुनेचे पाय सुजले होते तेव्हा तिच्या लोहाच्या गोळ्या मी नेल्या होत्या. तिचा मुलगा आज शेळ्यांमागे पळतो. परंतु यंत्रात माझ्या बाळंतपणाची नोंद नसल्याने मी अद्याप अवघडलेलीच आहे.

मुद्दा क्र. २ : दि. २३ जून रोजी मी खिडकीवर हुज्जत घातली काय?

घातली. त्या गुरुवारी फिटच्या गोळ्या मागितल्या, तर यंत्रावर बसलेला मुलगा म्हणाला, "मावशी, कम्प्युटर लाल पट्टी दाखवून राह्यला. गरोदर बाईला ही गोळी चालत न्हाई म्हणतो. मी काय करू?" मुलाचा दोष नाही. तो मला आपल्याकडे घेऊन आला. आपण माझ्याकडे न बघता पडद्याकडे बघितले आणि कितवा महिना असे विचारले. मी पिकल्या केसांची बाई, डोक्यावर भाजीची रिकामी पाटी घेऊन आपल्यासमोर उभी होते. तेव्हा मला हसू आले, ते आपणास उद्धटपणा वाटले असल्यास वाटू द्यावे.

गरोदर बाईला ती गोळी देऊ नये हे यंत्राचे म्हणणे चूक नाही, असे मला बाहेर विचारल्यावर कळले. पण ती गोळी एकदम बंद करू नये, जिवाला धोका होतो, हेही आपल्याच दवाखान्यातील डॉक्टरांनी सांगितले होते. यंत्राला पहिली गोष्ट ठाऊक आहे. दुसरी आपणास ठाऊक असायला हवी होती. बाजारात अमृतलालशेठ यांच्या औषधाच्या दुकानात गेले, तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ही गोळी देत नाहीत म्हणाले. ते बराबरच आहे. चिठ्ठी आपण दिली नाही.

ज्या मुलीसाठी मी ही गोळी नेते, तिच्या घरी उरलेल्या चार गोळ्या संपल्या. मग भाकरी करताना तिला फिट आली आणि डावा हात चुलीत गेला. दोन वर्षांत एकही फिट आली नव्हती. मलमपट्टीसाठी तिला आपल्या दवाखान्यात आणले नाही, कारण आधी नाव विचारले असते. गावातल्या गावात जे जमले ते केले. ती रात्र तिच्या आईने कशी काढली ते मी पाहिले आहे आणि मला त्याचा अतिशय राग आहे. हा राग या अर्जातून वगळावा असे मला वाटत नाही.

मुद्दा क्र. ३ : खऱ्या रुग्णांची नावे व वये सात दिवसांत कळवावीत, अन्यथा फसवणुकीची कार्यवाही होईल.

ज्यांची हरकत नाही त्यांची नावे लिहून घ्या. लघवीचा विकार रामकिसन मामांचा. त्यांना विचारले तर म्हणाले, "खुशाल लिही. माझी खबर तशीबी सगळ्या वस्तीला हाये." दमा सगुणाबाईंचा आहे. बीपी आणि शुगर दुर्गाबाईंची, दोन्ही एकट्या त्यांचीच.

फिटच्या गोळ्या कोणाच्या ते मी सांगणार नाही. मुलगी लग्नाची आहे. आपल्या खिडकीवरून आजाराचे नाव घेऊन हाक मारतात आणि बाजाराच्या दिवशी ओट्यावर तीन गावचे लोक बसलेले असतात. म्हणून पहिल्याच दिवशी मी पुढे होऊन तो आजार माझ्या नावावर लिहायला सांगितला. मला आता कोणी बघायला येणार नाही. जुन्या कागदाची एक सोय होती, कधी ना कधी तो उंदीर खायचे. आता आपणच सांगता की जिल्ह्यातल्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात बटण दाबले की नोंद दिसेल. अशाच एका दवाखान्यात यंत्रावर आमच्या सोयऱ्यांचा पोरगा बसतो. त्याच्या पोटात काही राहत नाही.

मग लग्न फसवून करणार काय, असे आपण विचाराल. नाही. शहागडकडचे पाहुणे येणार आहेत. त्यांना बसवून, चहा देऊन, मुलीचा बाप स्वतःच्या तोंडाने सगळे सांगणार आहे. ते होय म्हणोत की नाही म्हणोत. पण ही गोष्ट त्यांना त्याच्या तोंडून कळेल, आपल्या पडद्यावरून कळणार नाही.

तोवर फिट मला येतात. तसेच लिहून ठेवा. माझे गरोदरपण यंत्रातून आजच काढा आणि गोळ्या द्या. ते काढण्याचा अधिकार आपणास नसेल तर मला बाळंतपणासाठी दाखल करून घ्या, मी गुरुवारी गाठोडे बांधून येते. नऊ महिने उलटून किती वर्षे झाली याचा खुलासा मग आपण वरिष्ठांना करावा. फसवणुकीची कार्यवाही करायची असेल तर जरूर करा. मी कोर्टात हेच सांगेन आणि याहून मोठ्या आवाजात सांगेन.

आपल्या यंत्रानुसार अत्यवस्थ, प्रत्यक्षात धडधाकट,

(सही)
श्रीमती नंदाबाई काकासाहेब उढाण
माजी सरपंच
दि. ११ जुलै २००५

सोबत : १) आपल्या नोटिशीची प्रत. २) फिटच्या गोळ्यांचे रिकामे पाकीट.

ता. क. : अर्ज पाकिटात घालण्याआधी ज्यांचा संबंध आहे त्यांना वाचून दाखवला. मुलगी भाजलेला हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "काकू, माझं नाव लिहा. तुमच्या नावावर किती दिवस बरी राहू मी? गुरुवारी मीच येते." तिची आई रडायला लागली. मी तरीही नाव लिहिलेले नाही. ते सांगायचे असेल तर ती सांगेल. गुरुवारी ती खिडकीवर येईल आणि मी तिच्या शेजारी उभी असेन. तिला जे विचारायचे ते आत बोलावून, दार लावून विचारा. ओट्यावर कोणी मोठ्याने विचारले, तर उत्तर मी देईन.