सात नंबरच्या संगणकात जेवणारी बाई

कोरोनेल बोगादो, १२ ऑगस्ट

निदियाताई,

धाकट्या देल्फिनाचा तुला वाकून नमस्कार. तुझ्या मेहुण्याचाही, पोर्फिरिओचा (तो आत्ता झोपलाय, पण जागा असता तरी नको म्हणाला नसता). इकडे आम्ही ठीक आहोत, कोंबड्या ठीक आहेत, पत्रा गळायचा तिथेच गळतोय. तिकडे ब्वेनोस आयरेसला थंडी फार पडली असं रेडिओवर सांगत होते. तुझी तब्येत कशी आहे? फोनवर विचारलं की तू "मजेत आहे, आत्ताच पोटभर जेवले" एवढं बोलून ठेवून देतेस, म्हणून या खेपेला कागद घेतला. कागदाला मध्येच बंद करता येत नाही.

ईस्टरच्या पवित्र आठवड्यात आली होतीस तेव्हा बस सुटायला अर्धा तास असताना तू माझ्यासाठी संगणकावर ते जेवणाचा हिशोब ठेवणारं अ‍ॅप बसवून दिलंस, आठवतं ना? पोर्फिरिओचं सायबर कॅफे बुडाल्यावर उरलेलं ते एकच यंत्र, वर अजून "७" असा कागद चिकटवलेलं. माझा फोन बटणांचा, त्यात अ‍ॅप चालत नाही, म्हणून तू संगणकाच्या पोटात एक खोटा मोबाइल घातलास आणि पिशव्या उचलून पळालीस. मी तीन महिने त्यावर टेबलक्लॉथ टाकून ठेवला. पण जुलैत आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी माझी साखर बघितली, मग माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं, आणि म्हणाल्या, "तुम्ही चिपाचे पाव विकता की खाता?" घरी आले आणि टेबलक्लॉथ काढला.

ताई, तो खोटा मोबाइल म्हणजे एक छळ आहे. एवढ्या रुंद पडद्याच्या मधोमध एक उंच चिंचोळी पट्टी, आणि दोन्ही बाजूंना काळोख. त्या काळोखात माझंच तोंड दिसतं, अर्धं डावीकडे, अर्धं उजवीकडे. कधी कधी पट्टी आडवी होते, मग मान खांद्यावर टेकवून वाचायचं. अ‍ॅप म्हणतं पदार्थाचा फोटो काढा. कॅमेरा कुठे आहे हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, मी चिपा पडद्यासमोर धरून पाच मिनिटं उभी राहिले आणि मग गार झाला म्हणून खाल्ला. चालण्याची पावलंही ते मोजतं म्हणे. मी बसस्टँडपर्यंत टोपली डोक्यावर घेऊन दोनदा जाऊन आले, तरी शून्य. यंत्र टेबलावरून हललं नाही तर पावलं कुठून मोजणार, असं पोर्फिरिओ म्हणाला. (मग तू ते उचलून हिंड, असं मी म्हणाले. तो हिंडला नाही.)

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. पुढचं तसं नाही.

पहिल्याच दिवशी मी खरं वजन घातलं, चौऱ्याऐंशी (हे दुसऱ्या कोणाला सांगू नकोस), आणि खाल्लेल्यात लिहिलं, चिपा तीन, उकडलेला मांदिओका कंद एक ताटली. दुसऱ्या दिवशी दुपारी उघडलं तर खाली मी न लिहिलेली एक ओळ: सफरचंद, अर्धं. दुपारी एक वाजून वीस मिनिटं. मी पोर्फिरिओला उठवून जाब विचारला. तो डोळे न उघडता म्हणाला, "देल्फिना, मी जन्मात कधी अर्धं सफरचंद खाल्लंय का?" खरंच खाल्लेलं नाही. तिसऱ्या दिवशी: चहा, बिनसाखरेचा. बिस्कीट एक. चौथ्या दिवशी फक्त चहा. आणि वर एक हिरवी पाटी: आपलं वजन तीन दिवसांत शेहेचाळीस किलोने उतरलं आहे, अभिनंदन. माझं जे वजन मी घातलं होतं ते जाऊन तिथे अडतीस आलं होतं.

अडतीस किलो म्हणजे काय ते तुला माहीत आहे. चिपाच्या पिठासाठी आणतो ते स्टार्चचं पोतं त्याहून जड असतं.

पाचव्या दिवशी मी जेवण आटोपून एक वाजताच जपमाळ घेऊन यंत्रासमोर बसले. आपल्याकडची दुपार तुला ठाऊक आहे, एक ते तीन रस्त्यावर कुत्रंसुद्धा उभं राहत नाही. लहानपणी आई आपल्याला याच वेळेला दाराला कडी घालून झोपवायची, बाहेर तो सोनेरी केसांचा, मुलं पळवणारा, शीळ घालत हिंडतो म्हणून. पांढरंफटक ऊन पडलं होतं, पंखा बंद होता, आतून पोर्फिरिओचं घोरणं येत होतं आणि मध्येच तेही थांबलं. एक वाजून बावीस मिनिटांनी, मी कळफलकाला हातही न लावता, माझ्या डोळ्यांसमोर ओळ उमटली. पाणी, एक पेला. थोडा वेळ काही नाही. मग ती ओळ पुसली गेली आणि पुन्हा उमटली: पाणी, अर्धा पेला. भूत असलं तरी खोटं लिहीत नव्हतं, हे मला जास्त लागलं. मी स्वतः त्या दिवशी "कोशिंबीर" लिहून पाच चिपा खाल्ले होते.

शेजारच्या सिप्रियानाबाईंना बोलावलं (मयताला प्रार्थना म्हणतात त्याच, आता गुडघ्याने अधू झाल्यात). त्यांनी यंत्राभोवती पवित्र पाणी शिंपडलं, वायरीवर नको म्हणताना थोडं वायरीवरही पडलं, आणि खुर्चीत बसून सगळ्या ओळी मला मोठ्याने वाचायला लावल्या. ऐकून म्हणाल्या, "हा त्रास देणारा जीव नाही गं. हा उपाशी जीव आहे. ह्याला हाकलायचं नसतं, वाढायचं असतं." मी वोरी-वोरीची वाटी करून यंत्राशेजारी ठेवली. कोंबडीचा रस्सा, मक्याचे गोळे, वर चीज, सगळं रीतसर. ती मुंग्यांनी खाल्ली. तेव्हा सिप्रियानाबाई म्हणाल्या, लिहिणारा जीव आहे तर लिहूनच वाढ. मग मी लिहिलं: वोरी-वोरी, एक वाटी, गरम.

दुसऱ्या दिवशी दुपारी काही आलं नाही. दीड वाजला, दोन वाजले. मला वाटलं, संपलं, आणि ताई, मला हायसं वाटायला हवं होतं पण मी तिथून उठले नाही. अडीचला ओळ आली: वोरी-वोरी, तीन चमचे. त्याखाली टिपणीची जागा असते, तिथे मी आजवर काही लिहिलेलं नाही. तिथे अक्षरं एकेक करून आली: आईच्या हातचं होत नाही.

सिप्रियानाबाईंनी क्रूसाची खूण केली. भुतालाही आई असते, हे मला ठाऊक नव्हतं. मी यंत्राचा प्लग काढला, मग पुन्हा लावला, आणि त्या पट्टीच्या बाजूच्या काळोखात माझं अर्धं तोंड किती तरी वेळ बघत बसले.

तर असं चाललंय. काळजी करू नकोस. तुझी तब्येत सांभाळ.

तुझी,
देल्फिना

ता. क. — पोर्फिरिओ उठला. म्हणतो, ताईला लिही की पत्र्याचं काम पावसाआधी करून टाकेन. (तो हे चार वर्षं म्हणतोय.)

ता. क. २ — आज सकाळी मी त्या अ‍ॅपमधलं माझं पान पहिल्यांदाच उघडलं, जिथे आपलं नाव आणि जन्मतारीख असते. नाव: निदिया. उंची: एकशे एकोणपन्नास. बस सुटायच्या घाईत तू मला वेगळं खातं काढून न देता तुझ्याच खात्यात घातलंस, ताई. तुझ्या फोनात अचानक तीन-तीन चिपा कोण खातंय असं वाटून तूही घाबरली असशील, ती मी. आणि माझं खरं वजन तू वाचलंसच. पण मीही मागची पानं वाचली. मेपर्यंत तू दोन वेळ नीट जेवत होतीस, भात, मासा, रविवारी गोड. तीन जूनपासून ते कमी होत गेलं. तीन जूननंतर फोनवर तू, ज्यांच्या घरी कामाला राहिलीस त्या ओतिलियाबाईंबद्दल एकदाही बोलली नाहीस. नऊ वर्षं तू त्या म्हातारीला भरवलंस, रोज माझ्याकडे तिच्या तक्रारी केल्यास, आणि ती गेली हे मला सांगितलं नाहीस. आता ज्याच्यासाठी रांधायचं असं कोणी नाही म्हणून तूही जेवायचं थांबलीस. मला दुसरं कारण सुचत नाही. दुसरं असेल तर तेही सांग, पण तोंडावर सांग.

ता. क. ३ — हे पत्र टपालाने आलेलं नाही, पाकिटावर तिकीट नाही हे तू बघितलं असशीलच. रात्रभर बसमध्ये ते माझ्या पोलक्यात होतं. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आलेय (खालच्या बाईने आत सोडलं), बासष्ट पायऱ्या, त्या अ‍ॅपने मोजल्या नाहीत. पत्र दाराखालून सरकवलं, कारण बेल वाजवली असती तर तू आतूनच "मजेत आहे" म्हणाली असतीस. मी बाहेर पायरीवर बसलेय, गुडघे दुखतायत. वाचून झालं असेल तर दार उघड.